टिपणिसांचा घसा

गोपाळकृष्ण टिपणीस सकाळी उठले, नेहमीप्रमाणे चहासाठी ओरडायला त्यांनी तोंड उघडलं आणि तोंडातून नुसती हवा बाहेर आली. झोप नीट उडाली नसेल असं त्यांना वाटलं. ते तांब्याभर पाणी प्यायले, खाकरले, छाती भरून श्वास घेतला आणि पुन्हा जोर लावला. या वेळी हवेबरोबर एक बारीकशी शिट्टी आली. उंबऱ्यात बसलेल्या मांजरानं मान वळवून पाहिलं आणि परत डोळे मिटले.

दुसऱ्या कुणाचा घसा बसला असता तर त्यानं मिठाच्या गुळण्या केल्या असत्या आणि दिवस कसाबसा काढला असता. पण टिपणिसांचा घसा हेच टिपणिसांचं भांडवल होतं. कर्जत स्टेशनाच्या मागच्या अंगाला त्यांची गवताची वखार होती. खालापूर, चौक, लोधिवलीकडून बैलगाड्या भरभरून सुकं गवत यायचं, वखारीतल्या प्रेसमध्ये दाबून त्याच्या गासड्या बांधल्या जायच्या आणि त्या गासड्या मालगाडीनं मुंबईच्या तबेल्यांकडे रवाना व्हायच्या. हा सगळा पसारा टिपणीस एकट्याच्या आवाजावर चालवीत. ते वखारीत ओरडले की नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांचे हात थांबत. मालक गप्प बसला की माणसं आडवी होतात, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते खरं की खोटं हे पाहण्याइतका वेळ ते कधी गप्प बसलेच नव्हते.

त्यातून आजचा दिवस. लढाईचे दिवस होते, मालगाडीचे डबे लष्कराच्या सामानाला लागत होते, गवताला कोण विचारतो! अर्ज, विनंत्या, नमस्कार असं सगळं करून झाल्यावर कालच टिपणिसांच्या नावानं एक डबा वखारीशेजारच्या मालधक्क्याला येऊन लागला होता. मालधक्क्यावरच्या रेल्वेच्या बाबूंनी स्पष्ट सांगितलं होतं, "उद्या दिवस मावळायला इंजिन येईल. डबा भरलेला असो की रिकामा, ते घेऊन जाईल. रिकामा गेला तर तुमचं नाव रांगेच्या शेवटी." तिकडे मुंबईचा तबेलेवाला म्हशी उपाशी राहिल्याच्या तारा करत होता आणि नेरळचा एक व्यापारी त्याच्याकडे जाऊन गोड बोलत होता. डबा चुकला की तबेला जाणार, आणि तबेला गेला की वखारीत राहणार नुसतं गवत, हे टिपणिसांना रात्रभर स्वप्नातसुद्धा दिसत होतं.

"काय झालं? बोलत का नाही?" पद्मजाबाई चहा घेऊन आल्या. टिपणिसांनी घशाकडे बोट दाखवलं.

"सुरण," पद्मजाबाई शांतपणे म्हणाल्या. "काल भाजीत आमसूल घालायला मी हातात घेतलं होतं. तेवढ्यात तुम्ही 'पान वाढा' म्हणून असे ओरडलात की मी दचकून पातेलंच खाली उतरवलं. आमसूल राहून गेलं."

टिपणिसांना ते आठवलं. पहिल्या घासालाच घसा खाजला होता. पण घाई आपणच केली, तेव्हा आता खाजतंय म्हणणं म्हणजे माघार घेणं. म्हणून त्यांनी ती भाजी दोनदा मागून घेतली होती आणि मग त्याच घशानं संध्याकाळपर्यंत वखारीत हाकाटी केली होती. पद्मजाबाई मागून जेवायला बसल्या तेव्हा त्यांनी एक घास तोंडात घातला आणि उरलेली भाजी मुकाट्यानं उकिरड्यावर टाकली.

टिपणीस घरामागच्या वखारीत पोचले. माणसं आली होती, पण जो तो आपापल्या जागी उभा होता. रोजची पहिली आरोळी झाल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, ही वखारीची रीत. टिपणिसांनी मुकादम नामाला खुणेनं जवळ बोलावलं आणि त्याच्या कानाशी लागून, असेल नसेल तेवढा आवाज गोळा करून ते कुजबुजले, "नामा, गासड्या डब्यात भरायला घ्या, बाबा."

नामाचा चेहरा पांढराफटक पडला. "मालक, काय झालं वो? मला 'बाबा' म्हनलात?"

टिपणिसांनी हसून मान हलवली. ते हसले हे तर आणखीच वाईट झालं.

"कायतरी हाय," नामा परत जाऊन बाकीच्यांना म्हणाला. "मालक हळू बोलाया लागले. वर हसले."

"माजा आजा जायच्या आदी आसाच गोड बोलाया लागला व्हता," येसाजीनं सांगितलं. येसाजी हा वखारीतला सगळ्यात दांडगा गडी, पण मनानं हळवा. नामाची बायको भागूबाई प्रेसमध्ये गवत भरायची, तिनं तर पदर डोळ्याला लावला. "वखार इकली आसंल गं बाय! ज्याला इकली त्यो ओरडनारा आसंल का कुनाला ठावं!"

मग सगळी माणसं काम टाकून मालकाभोवती जमली. कुणी नाडी बघितली, कुणी ओव्याचा धूर सुचवला, एक जण भगताला आणायला निघालादेखील. टिपणीस हातवारे करून 'डबा, डबा' असं सांगत होते. ते पाहून येसाजी धावत घरात गेला आणि पानाचा डबा घेऊन आला.

या गोंधळात हेमचंद्र आला. हेमचंद्र टिपणिसांचा भाचा. मुंबईला कॉलेजात व्यापाराचं शिक्षण घेत होता आणि सुट्टीला मामाकडे आला होता. घसा सुरणानं बसलाय एवढं त्यानं लोकांना सांगितलं तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. मग तो मामांकडे वळला.

"मामा, खरं सांगू का? झालं ते बरंच झालं. ओरडणं हा माणसांकडून काम करून घेण्याचा फक्त एक प्रकार आहे. विचारून घेणं हा दुसरा. आणि त्यांचं त्यांना करू देणं हा तिसरा. आमच्या प्रोफेसरांनी हे सगळं शिकवलंय. माणसाला विचारलं की त्याला काम आपलं वाटतं. बघाच तुम्ही."

टिपणिसांना या विषयावर पुष्कळ बोलायचं होतं. पण शिट्टीच्या भाषेत ते मांडता येईना, तेव्हा ते खुर्चीत बसले.

हेमचंद्रानं सगळ्यांना गवतावर बसवलं आणि विचारलं, "मंडळी, आज डबा भरायचा आहे. आधी जुन्या गंजीतल्या गासड्या भराव्यात की नव्या? तुम्हाला काय वाटतं?"

वखार उघडल्यापासून या माणसांना काय वाटतं हे कुणी विचारलेलं नव्हतं. त्यामुळे त्यांच्यापाशी वाटलेलं बरंच साठून राहिलं होतं. येसाजीला वाटत होतं, जुनी आधी. नामाला वाटत होतं, नवी आधी. कर्जतच्या माणसांना नामाचं पटलं म्हणून खालापूरच्या माणसांना येसाजीचं पटलं. मग कुणाच्या गावचं गवत चांगलं यावर गाडी गेली, तिथून कुणाच्या गावच्या पोरी चांगल्या यावर आली, आणि दोन सोयरिकी जवळजवळ ठरल्या. एक मात्र झालं. गासड्या चढवायला डब्याला लावायची फळी नेहमी उन्हाच्या बाजूनं असायची, ती सावलीच्या बाजूनं लावावी असं सगळ्यांच्या बोलण्यातून निघालं, आणि ते इतक्या वर्षांत टिपणिसांना सुचलं नव्हतं. टिपणिसांनी नाइलाजानं मान डोलावली. पण सूर्य डोक्यावर आला तरी डब्यात गवताची काडी पडली नव्हती.

"आता तिसरा प्रकार," हेमचंद्र थोडा घाम पुसत म्हणाला. "मामा, आपण बाजूला होऊ. ज्याला जे येतं ते तो करील."

आणि खरंच, माणसं कामाला लागली! भागूबाई नि बाकीच्या बायांनी प्रेसमध्ये गवत भरलं, गड्यांनी दांडा फिरवून ते दाबलं, काथ्याच्या गाठी मारल्या. कुणाचा कुणाला शब्द नाही, कुणाची कुणाशी टक्कर नाही. टिपणीस डोळे फाडून बघत राहिले. आपण ओरडत नसताना हे लोक इतकं सुरेख काम करतात, हे पाहून त्यांना आनंद झाला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. मग आपण इतकी वर्षं घसा फोडला तो कशासाठी?

याचं उत्तर थोड्याच वेळात मिळालं. गासड्यांचा ढीग वाढत गेला, पण एकही गासडी डब्याकडे हलली नाही. गासडी बांधणं हे ज्याचं त्याचं काम. उचलणं हे मात्र चौघांचं. गासडीखाली दोन बांबू घालायचे, चौघांनी चार टोकं धरायची आणि एका क्षणी उचलून खांद्यावर घ्यायची. तो क्षण रोज मालक देत. टिपणीस गरजायचे, "उचला, टोणग्यांनो!" 'उचला' म्हटलं की गडी वाकायचे आणि 'नो' म्हटलं की गासडी खांद्यावर. टिपणिसांना वाटायचं की माणसं आपल्याला घाबरून उचलतात. माणसांनी त्यातला 'टोणगा' कित्येक वर्षांत ऐकलासुद्धा नव्हता, त्यांना लागायचा फक्त ठेका.

चौघांनी ठेक्याशिवाय उचलून पाहिलं. येसाजीनं आधी उचललं, नामानं मागून, गासडी तिरकी होऊन बांबूवरून घसरली. हेमचंद्र पुढे झाला आणि त्यानं गोड आवाजात हाक दिली, "मित्रहो, कृपया उचला!" 'कृपया' ऐकून चौघांना असं हसू फुटलं की हातातले बांबू गळून पडले.

"थांबा, मीच मालकावानी म्हनतो," नामा म्हणाला. त्यानं कमरेवर हात ठेवले, छाती फुगवली आणि ओरडला, "उचला रं, टोणग्यांनो!"

गासडी उचलली गेली, फळीवर चढली, आणि अर्ध्या वाटेवर येसाजी थांबला. "टोनगा कोनाला म्हनलास रं?"

"आरं, मालक रोज म्हनतात की!"

"मालक म्हनतील. मालक माज्या बापालाबी म्हनले हायेत. तू कोन मला टोनगा म्हननारा?"

एवढं बोलून येसाजीनं दोन्ही हात कमरेवर ठेवले. बांबू सुटला आणि गासडी फळीवरून गडगडत खाली निघाली. खाली हेमचंद्र पाठमोरा उभा होता. टिपणिसांनी त्याला सावध करायला जीव खाऊन आरोळी मारली. शिट्टी वाजली. आपल्याला कोण शिट्टी मारतंय हे बघायला हेमचंद्र वळला, तोच गासडीनं त्याला सुट्या गवताच्या ढिगात नेऊन पुरलं. वर राहिला तो फक्त चष्मा. इकडे फळीवर नामा आणि येसाजी एकमेकांच्या मुंडाशाला झोंबले होते, आणि कर्जत विरुद्ध खालापूर असा सामना रंगात आला होता.

टिपणिसांनी खुर्चीतच डोळे मिटून घेतले. तबेला गेला, वखार गेली असं त्यांना वाटलं. आपण नुसता एक आवाज होतो, तो गेला आणि मागे काहीच उरलं नाही, असंही वाटलं, आणि खरोखरच त्यांचे डोळे भरून आले.

पद्मजाबाई घशासाठी काढा घेऊन आल्या त्या नेमक्या या वेळी. त्यांनी फळीवर झोंबणारी माणसं पाहिली, रिकामा डबा पाहिला, आणि नवऱ्याचे डोळे पाहिले. ते डोळे त्यांनी असे कधी पाहिले नव्हते.

"बाई, आता तुमीच म्हना!" भागूबाई धावत आली. "तुमी मालकीनबाई. तुमी टोनगा म्हनलं तर येसाजीला चालंल. चालंल ना रं?"

"चालंल," येसाजी नामाचं मुंडासं न सोडता म्हणाला.

"अगं बाई! मी नाही तसलं काही बोलायची."

"मंग दुसरं कायबी म्हना. पन ठेक्यात पायजे. वाकायला येक ओळ, उचलायला येक ओळ."

पद्मजाबाई विचारात पडल्या. दोन ओळींचं, ठेक्यातलं असं बायकांना येतं ते एकच. आणि त्यांनी ते लग्नात, मंगळागौरीला, हळदीकुंकवाला घेतलं होतं, पण बायकांत. घरात त्या नवऱ्याला 'अहो' म्हणत आणि बाहेर 'हे'. गोपाळकृष्णराव तर त्याच्याही पुढचे. लग्नाच्या पंगतीत नाव घ्यायची पाळी आली तेव्हा पायाला मुंगी चावली म्हणून ते उठून गेले होते, आणि तेव्हापासून घरात त्यांची हाक 'अगं ए' या पलीकडे गेली नव्हती.

त्या नवऱ्याजवळ आल्या. "मी सगळ्यांदेखत नाव घेतलं तर चालेल का? नको असेल तर नको म्हणा."

टिपणिसांनी नको म्हणायला तोंड उघडलं. पद्मजाबाई क्षणभर थांबल्या आणि वळून म्हणाल्या, "काही म्हणत नाहीत. घ्या रे बांबू."

चौघे वाकले. पद्मजाबाईंनी पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली,

"घाट चढत्या गाडीला इंजिनं लागतात दोन,
गोपाळकृष्णरावांच्या पाठीशी माझ्याशिवाय कोण!"

'कोण'वर गासडी फुलासारखी खांद्यावर आली. सगळ्या वखारीतून "व्वा!" उठली. मालधक्क्यावरच्या बाबूंनी खिडकीतून मान बाहेर काढली. गाडी घाटाला लागण्याआधी कर्जतला मागून दुसरं इंजिन जोडतात हे गावात कुणाला सांगायला नको होतं, पण ते टिपणिसांच्या घरातही जोडलेलं आहे हे आज पहिल्यांदा कळत होतं.

"आनकी येक, बाई!" नामा ओरडला. कर्जत-खालापूरचं भांडण कुठल्या कुठे गेलं होतं.

"सुरणाच्या भाजीला आमसुलाची जोडी,
गोपाळकृष्णरावांसंगे ओढते संसाराची गाडी!"

दुसरी गासडी डब्यात. मग भागूबाईला राहवेना. तिनं कमरेला पदर खोचला.

"कोंबडा आरवला, उजाडलं दारात,
नामदेवराव आजून घोरत्यात घरात!"

नामा लाजला, पण गासडी उचलूनच लाजला. मग काय विचारता! एकेक बाई पुढे येऊन नाव घेऊ लागली, आणि जी नाव घेईल तिचा नवरा बांबूला हवाच, नाहीतर बाकीचे ऐकून घेईनात. येसाजीची बायको माहेरी गेली होती, म्हणून तिच्या वतीनं भागूबाईनं घेतलं. ज्यांची लग्नं व्हायची होती ते गडी नुसते हसून हसून बळ लावत होते. हेमचंद्र गवतातून बाहेर आला, चष्मा पुसला आणि चौथ्या प्रकाराला काय म्हणावं याचा विचार करत तोही एका बांबूला लागला. फिरून फिरून पाळी पद्मजाबाईंवर येत होती, आणि टिपणीस खुर्चीत बसून आयुष्यात ऐकलं नव्हतं इतक्या वेळा आपलं नाव ऐकत होते. सुरुवातीला त्यांनी मान खाली घातली होती. नंतर हळूच वर केली. मग एका नावाला तर त्यांनी चक्क शिट्टीनं दाद दिली.

दिवस मावळायला इंजिन आलं तेव्हा डबा छतापर्यंत भरला होता, आणि बाबू दारावर शिक्का मारतानासुद्धा 'गोपाळकृष्णराव' गुणगुणत होते.

तबेलेवाल्याला गवत पसंत पडलं, त्यानं खटपट केली आणि पुढच्याच आठवड्यात आणखी एक डबा मिळाला. एव्हाना टिपणिसांचा घसा काढा पिऊन पिऊन पहिल्यापेक्षा मोकळा झाला होता. ते ऐटीत वखारीत आले, कमरेवर हात ठेवले आणि गरजले, "उचला, टोणग्यांनो!"

नदीवर धुणाऱ्यांचे हात थांबले. वखारीत चौघे वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"काय झालं रे?"

"मालक, ही येकच ओळ झाली," नामा वाकल्या वाकल्या म्हणाला. "आता दोन ओळींची सवय लागली. दुसरीवर उचलतो आमी."

"बोलवा मग बाईंना!"

भागूबाई घराकडे जाऊन आली. "बाई म्हनतात, त्यांचा घसा बसलाय."

"कोण म्हणतं?"

"बाईच म्हनल्या. चांगलं मोठ्यानं म्हनल्या."

टिपणिसांनी इकडे तिकडे पाहिलं. हेमचंद्र एकदम आभाळाकडे बघू लागला. बाबू खिडकीत कोपर टेकून बसले. चौघे गडी वाकलेलेच होते, आणि येसाजी म्हणाला, "मालक, नाव घ्या. कंबर धरली."

मुंगी चावली म्हणायची सोय नव्हती. टिपणिसांनी घसा खाकरला. "गवताची गासडी..." त्यांनी सुरुवात केली. "गासडीत गवत..."

"फुडं, मालक?"

टिपणिसांना घाम फुटला. घाटाचं इंजिन आठवलं, ते मागून लागणारं. आणि मग त्यांच्या त्या सुप्रसिद्ध घशातून, होता नव्हता तेवढा आवाज लावून निघालं,

"गवताच्या गासडीला काथ्याची गाठ,
पद्मजा मागे आहे म्हणून ताठ माझी पाठ! उचला, टोणग्यांनो!"

गासडी खांद्यावर गेली. तो आवाज स्टेशनात गेला, बाजारात गेला, नदीपलीकडे गेला. टिपणिसांच्या मंडळींचं नाव पद्मजा आहे हे त्या दिवशी साऱ्या कर्जतला कळलं. इतकी वर्षं ते कुणी उच्चारलंच नव्हतं. टिपणीस कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले आणि घराच्या मागच्या ओट्याकडे चोरून बघू लागले. पद्मजाबाई तिथे सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. हात मात्र थांबला होता.

"अहो," त्यांनी तिथूनच हाक मारली, आणि घसा बसल्याची काहीच खूण त्या आवाजात नव्हती. "नीट ऐकू आलं नाही."

टिपणिसांनी डब्याकडे पाहिलं. तो सगळा रिकामाच होता.

"वाका रे," ते म्हणाले.